आईचा ताळेबंद

उद्योजकांच्या मेळाव्यात जेवणाआधीचं शेवटचं भाषण हमखास आईवर घसरतं. वक्त्याचा आवाज जड होतो, 'माझी पहिली गुरू माझी आई' हे वाक्य येतं, मग तिची माया, तिचा त्याग, तिचे उपासतापास. टाळ्या होतात आणि मंडळी बुफेकडे वळतात. मला दर वेळी वाटतं, या गृहस्थांनी आईकडून नेमकी नको ती गोष्ट उचलली. माया काही शिकून येत नाही. धंद्याला उपयोगी पडतील असे आईचे गुण निराळेच आहेत आणि ते व्यासपीठावरून सांगायला जरा अवघडच: ती संशयी असते, चिकट असते, आणि कोणाच्या शब्दावर सहजासहजी विश्वास ठेवत नाही.

संशयाचंच बघा. 'अभ्यास झाला' असं चिरंजीव म्हणतात. आई 'हो का, शहाणा माझा' म्हणते आणि त्याच दमात वही मागते. 'दात घासले' म्हटलं की ब्रश ओला आहे का बघते. 'बाहेर जेवून आलो' म्हटलं की काय जेवलास, कोणाकडे, भाजी कसली होती, इथवर चौकशी जाते. कंपनीत याला ऑडिट म्हणतात. ते वर्षातून एकदा होतं, त्याची तारीख आधी कळवतात आणि येणाऱ्याला काजू देतात. आईचं ऑडिट बिनतारखेचं असतं. काजूही मोजून ठेवलेले असतात.

चिकटपणा बघायचा असेल तर बोहारणीचा सौदा बघावा. हल्ली बोहारीण क्वचित येते, पण ज्यांनी हा सौदा पाहिलाय त्यांना व्यवस्थापनाच्या वर्गाची फी भरायची गरज नाही. जिन्यात जुन्या कपड्यांचा ढीग, समोर स्टीलची भांडी. 'एवढ्या कपड्यांत एवढीशी पातेली?' इथून सुरुवात. बोहारीण शर्टाची विरलेली कॉलर उजेडात धरते, आई पातेलीचं बूड टिचकीनं वाजवते. शेवटी बोहारीण टोपली डोक्यावर घेऊन दोन पायऱ्या उतरते, आई दार लोटते, पण कडी लावत नाही. बोहारणीच्या पायऱ्याही दोनच. हे दोघींनाही पक्कं ठाऊक असतं. सौदा पाचव्या मिनिटाला होतो, वर एक चमचा मिळतो आणि मग त्याच बोहारणीला चहा दिला जातो. पुढच्या खेपेला ती आधी याच दारी येते. आपले तरुण उद्योजक भांडवलवाल्यांपुढे बसतात तेव्हा मला ही न लावलेली कडी आठवते. ते बिचारे दार सताड उघडून बसलेले असतात.

आता राखीव निधी. तुरीच्या डाळीच्या डब्यात, साड्यांच्या घडीत, देवाच्या तसबिरीमागे. या निधीचं सगळं बळ तो कोणाला माहीत नसण्यात आहे. माहीत झालेला पैसा घरात टिकत नाही. त्याला लगेच नवा टीव्ही दिसायला लागतो. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी नवऱ्यांना आपण ज्या घरात राहतो त्या घराची खरी सांपत्तिक स्थिती प्रथमच कळली. डबे उघडले, घड्या उलगडल्या, नोटा ओट्यावर आल्या. नवरे आधी हबकले, मग दुखावले, मग हळूच मोजायला लागले. उलट आमचा उद्योजक पैसा आला की पहिल्यांदा पेपरात फोटो देतो, मग काचेचं ऑफिस घेतो, त्यात गुबगुबीत पिशव्यांच्या खुर्च्या टाकतो आणि पुढच्या वर्षी पगाराला पैसे नाहीत म्हणून माणसं काढतो.

इथवर आईची बाजू भक्कम आहे. पण तिच्या ताळेबंदात एक मोठी चूक आहे आणि ती भाषणात कोणी काढत नाही, कारण त्या चुकीलाच त्याग म्हणायची आपल्याकडे रीत आहे. दूधवाल्याचे, पेपरवाल्याचे, धुणंभांडीवालीचे पैसे महिन्याच्या महिन्याला लिहिणारी ही बाई स्वतःच्या मजुरीचा रकाना कधी आखतच नाही. सकाळी पाचपासूनचं काम शून्य रुपयांत धरलं तर कुठलाही संसार नफ्यात दिसेल. 'आम्ही सगळे एक कुटुंब आहोत' असं म्हणणारे मालक नेमका हाच धडा बरोबर उचलतात. रविवारी कामाला बोलावतात आणि समोसा देतात.

ही चूक दुरुस्त केली ती काही बायकांनीच. मुंबईच्या गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायका होत्या. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार त्यांच्याकडे जेवत आणि पैसे देत पगार झाल्यावर. म्हणजे किराणा आज आणायचा, जेवण आज घालायचं, पैसा महिन्यानं. मधली खिंड सावकाराच्या व्याजानं भरायची. त्यामुळे घाम गाळायचा बाईनं आणि कमाई सावकाराची. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेच्या कर्जापर्यंत पोचवलं. खेळतं भांडवल म्हणजे काय, हे त्या बायकांना कोणी फळ्यावर लिहून दाखवायची गरज नव्हती. त्यांना त्याचा दर महिन्याचा चटका माहीत होता.

माणदेशातली गोष्ट तर याहून ठसकेबाज. म्हसवडला बायकांची बँक काढायचा अर्ज रिझर्व्ह बँकेनं पहिल्यांदा फेटाळला, कारण बऱ्याच प्रवर्तक निरक्षर होत्या, अंगठा उठवणाऱ्या. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा सांगतात की त्या बायका लिहावाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, वाचता येत नव्हतं, पण मोजता येतं. एखाद्या रकमेवरचं व्याज काढायला सांगा, तुमच्या अधिकाऱ्यांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा, आणि बघा कोण आधी काढतं. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

आणि मग पापड. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात गुजराती गृहिणी एका इमारतीच्या गच्चीवर जमल्या, छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून 80 रुपये उसने घेतले आणि पापडाची चार पाकिटं केली. लिज्जतची ही सुरुवात सगळ्यांना ठाऊक आहे. मला आवडतात त्या तिच्या पुढच्या दोन गोष्टी. एक म्हणजे, सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबाप्पांनी बजावलं की प्रत एकच ठेवा आणि तिच्यात तडजोड नको. हा सल्ला पुरुषाचा होता हे मान्य करायला हवं, पण तो मानला बायकांनी. घरात पाहुण्यांचं वेगळं आणि आपलं वेगळं केलं की दोन्ही बिघडतं, हे त्यांना पटायला वेळ लागला नसावा. दुसरी गोष्ट पावसाळ्याची. पहिल्या वर्षी पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणली आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाटेखाली स्टोव्ह. ना सल्लागार, ना यंत्रसामग्रीचं कर्ज. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवणाऱ्या घरांतून आलेल्या बायकांना आणखी काय सुचणार?

पण लिज्जतचं खरं शहाणपण त्या आईच्या राहून गेलेल्या रकान्यात आहे. पीठ केंद्रावर मळलं जातं, सभासद बायका, तिथल्या भाषेत बहिणी, ते घरी नेतात, लाटलेले पापड दुसऱ्या दिवशी आणून देतात. पापड तपासला जातो, वजन होतं आणि लाटण्याची मजुरी दिली जाते. लाटणारी प्रत्येक बाई संस्थेची मालकीणही असते. नफ्यातही तिचा वाटा आणि तोट्यातही. म्हणजे तोच संशय, तोच चिकटपणा, तोच रोजचा हिशेब, फक्त या वेळी लाटणाऱ्या हातांची किंमत धरून. आज अशा बहिणींची संख्या 45,000 च्या आसपास आहे, आणि त्या पहिल्या सात जणींतल्या जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

हे वाचून कोणा होतकरू उद्योजकाला तिथे भागीदार व्हावंसं वाटलं, तर एक अडचण आहे. लिज्जतमध्ये सभासद फक्त बायकाच होऊ शकतात. पुरुष आहेत, पण हिशेबनीस, ड्रायव्हर, पहारेकरी म्हणून, पगारावर.