घोरण्याची वार्षिक वर्गणी

माझे सासरे घोरत नाहीत. हे त्यांचं स्वतःचं मत आहे आणि लग्नापासून आजतागायत ते त्यांनी बदललेलं नाही. सासूबाईंचं मत नेमकं उलट, आणि तेही तेवढंच जुनं. सांगलीच्या ऐसपैस घरात ही दोन मतं दोन वेगळ्या खोल्यांत झोपत असल्यामुळे संसार सुखाचा झाला. गेल्या हिवाळ्यात दोघं व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे रियाधला आली आणि ओलायातल्या आमच्या चिमुकल्या फ्लॅटमध्ये दोन्ही मतांवर एकाच खोलीत निजण्याची वेळ आली.

ओलाया हा रियाधचा मिरवायचा भाग. एकीकडे किंग फहद रस्ता, दुसरीकडे ओलाया रस्ता, आणि मधल्या पट्ट्यात बँका, मॉल, काचेच्या इमारती. 302 मीटर उंचीचा किंगडम टॉवर आमच्या गच्चीवरून दिसतो. त्याच्या माथ्याला भलंमोठं भोक आहे आणि त्यामुळे दारूबंदीच्या या देशात लोक त्याला बाटली उघडायची चावी म्हणतात. या सगळ्या झगमगाटाच्या मागच्या गल्लीत आमच्यासारखी नोकरदार मंडळी राहतात. रात्री बाराच्या पुढे रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज उतरत जायचा आणि आतल्या खोलीतला चढत जायचा.

सासूबाईंना आता पुरावा हवा होता. त्यांनी लेकीला, म्हणजे माझ्या बायकोला, कामाला लावलं आणि तिने तिच्या आयफोनवर एक अ‍ॅप शोधून काढलं. फोन उशाशी ठेवायचा. रात्रभर ते अ‍ॅप कान देऊन ऐकतं आणि सकाळी आलेख काढून देतं. वर मोठ्या निळ्या बटणावर लिहिलेलं : सात दिवस मोफत. सासूबाई म्हणाल्या, "सात कशाला, मला एक रात्र पुरे."

पहिल्या सकाळी आलेख आला. किर्लोस्करवाडीपासून दंडोबापर्यंतचे सगळे डोंगर त्यात होते. कमाल आवाज 71 डेसिबल, आणि खाली माहितीदाखल टीप, की एवढा आवाज साधारण व्हॅक्यूम क्लीनर करतो. सासऱ्यांनी चष्मा लावला, फोन हातभर लांब धरला आणि ऑडिटरच्या तोंडावर असते तशी अविश्वासाची कळा आणून विचारलं, "यावर सही कुणाची आहे?" मग म्हणाले, हा आवाज एसीचा आहे. दुसऱ्या रात्री एसी बंद. मग म्हणाले, फ्रिजचा आहे. तिसऱ्या सकाळी मात्र बायकोने आलेखाखालचं बटण दाबून प्रत्यक्ष आवाजच ऐकवला. त्यात मध्येच सासरे झोपेत स्पष्ट शब्दांत "व्हाउचर कुठाय?" असं विचारत होते. फ्रिजला हे विचारायचं काही कारण नव्हतं. खटला संपला. सासूबाईंनी विजयी मुद्रेने सांगितलं, "काढून टाक गं ते अ‍ॅप, उगीच जागा अडवतं." बायकोने लगेच काढून टाकलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी, घरात पोह्यांची फोडणी पडत असताना, बायकोच्या फोनवर बँकेचा मेसेज आला. 229 रियाल वळते झाले होते. म्हणजे पाच हजार रुपयांच्या वर.

इथे सासऱ्यांची ओळख नीट करून द्यायला हवी. ते जन्मभर बँकेत होते, आणि शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले. पैसे काढायची स्लिप, सहीच्या नमुन्याचं कार्ड, लेजर आणि पासबुक या चार खांबांवर जग उभं आहे अशी त्यांची श्रद्धा आहे. जावयाचे पैसे गेल्याचं दुःख त्यांना झालं, पण ते दोन नंबरचं. एक नंबरचा प्रश्न त्यांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवून विचारला.

"जावईबापू, सांगितलं कुणी त्यांना?"

"कुणी नाही, बाबा. तेच तर. आपण नको म्हणून सांगितलं नाही, म्हणून त्यांनी घेतले."

"म्हणजे गप्प बसलं की हो?"

"हो."

"अहो, आमच्याकडे स्टँडिंग इन्स्ट्रक्शन असायच्या. आरडीचा हप्ता, विम्याचा हप्ता. त्यालाही ग्राहकाचा अर्ज लागायचा, सही लागायची, ती सही आम्ही नमुन्याशी ताडून बघायचो. गप्प बसलेल्या माणसाच्या खात्यातून मी उभ्या हयातीत पै काढली नाही."

सासरे काही जुन्या काळात अडकून पडलेले नाहीत. रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं ते निवृत्तीनंतरही वाचतात. काही लोक कादंबऱ्या वाचतात तशी. 1 ऑक्टोबर 2021पासून भारतात नियम आहे, की कार्डावरून दर महिन्याला किंवा वर्षाला आपोआप पैसे जाणार असतील तर सुरुवातीला ग्राहकाकडून जादा पडताळणीसह मंजुरी घ्यायची, आणि प्रत्येक वेळी पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी त्याला कळवायचं. रक्कम पंधरा हजारांच्या वर असेल तर दर वेळी नव्याने ओटीपी. हा नियम आला तेव्हा लोकांच्या ठरलेल्या वर्गण्या पटापट अडकल्या होत्या आणि सगळ्यांनी रिझर्व्ह बँकेच्या नावाने बोटं मोडली होती. सासऱ्यांनी मात्र पेढे आणले होते. आधी कळवल्याशिवाय कुणी पैसे नेत नाही, हे त्यांना आता निसर्गनियमासारखं वाटत होतं. पण तो नियम भारतीय बँकेच्या कार्डाचा. बायकोचं कार्ड इथल्या बँकेचं. आमच्यापर्यंत बातमी आली ती पैसे गेल्यावर.

सासूबाईंची तक्रार निराळी होती. "मी अ‍ॅप काढायला लावलं होतं ना? घराबाहेर काढलं म्हणजे नाहीच म्हटलं की!" हे मलाही पटलं होतं, जगातल्या निम्म्या लोकांना हेच पटलेलं असावं. पण इथे सासऱ्यांनी, स्वतःची बाजू पडत असतानाही, बँकेच्या धर्माला जागून निकाल दिला : "पासबुक फाडलं म्हणून खातं बंद होत नाही, अगं." वर्गणी अ‍ॅपमध्ये नसते, ती फोनच्या खात्यात असते. सेटिंग्ज उघडायची, सगळ्यात वर आपल्या नावावर बोट ठेवायचं, मग सबस्क्रिप्शन, मग रद्द.

हे आम्हाला कळलं ते ओलाया रस्त्यावरच्या कॉम्प्युटर मार्केटमध्ये. सासऱ्यांना समोरासमोर बोलायला माणूस हवा होता, त्यामुळे तिकडे गेलो, मेट्रोने. रियाधची मेट्रो 1 डिसेंबर 2024ला सुरू झाली आणि तिची निळी लाइन याच ओलाया रस्त्याखालून बथाकडे जाते. साधं तिकीट चार रियाल, दोन तास चालतं. दोन तास संपले की संपलं. तुम्ही गप्प बसलात म्हणून मेट्रो तुमच्याकडून वर्षभराचे पैसे घेत नाही, हे सासऱ्यांनी डब्यात उभ्या असलेल्या एका फिलिपिनो गृहस्थांना मराठीत समजावून सांगितलं. त्यांनी हसून मान डोलावली.

मार्केटमधल्या मल्याळी पोराने चहा मागवला, फोन हातात घेतला आणि सवयीने दोन-तीनदा बोट फिरवून ती पाटी काढून दिली. "अंकल, रोज दस लोग आता है," तो म्हणाला. सासऱ्यांनी त्याच्याकडे कंपनीचा नोंदणीकृत पत्ता मागितला. त्याने अटींच्या पानांत शोधून सायप्रस असं वाचून दाखवलं. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "मेट्रो जाते का तिथवर?"

अटींची ती पानं सासऱ्यांनी तिथेच छापून घेतली आणि घरी येऊन लाल पेनाने वाचली. माझ्या माहितीत अटी व शर्ती शेवटपर्यंत वाचणारे ते एकमेव गृहस्थ. रात्री त्यांनी मला बोलावून एक ओळ दाखवली : मोफत मुदत संपण्याच्या किमान 24 तास आधी रद्द न केल्यास वर्गणी सुरू होईल. "म्हणजे सात दिवसांची मुदत सहाव्या दिवशी संपते. असली मुदत ठेव मी काढली असती तर मला घरी बसवलं असतं."

मग बायकोने दुसऱ्या फोनवर अ‍ॅपचा तो पहिला पडदा पुन्हा उघडला आणि आम्ही चौघांनी तो एखाद्या गुन्ह्याची जागा पाहावी तसा पाहिला. निळं बटण अंगठ्याच्या दुप्पट रुंद. त्याच्याखाली पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांत, "त्यानंतर वर्षाला 229 रियाल". अक्षर एवढं बारीक की सासऱ्यांना भिंग आणावं लागलं. उजव्या कोपऱ्यात, नको असेल तर बाहेर पडायला, फुली होती. पण ती लगेच दिसत नव्हती. पडदा उघडल्यावर जरा वेळाने, इकडे कुणाचं लक्ष नाही ना याची खात्री करून आल्यासारखी, हळूच उमटायची. तेवढ्या वेळात माणूस निळं बटण दाबून मोकळा होतो.

ही कारागिरी अपघाताने झालेली नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2023 साली अमेझॉनवर प्राइमच्या वर्गणीवरून दावा लावला, तेव्हा तक्रारीत म्हटलं होतं, की वर्गणी रद्द करण्याच्या वाटेला कंपनीच्या आतल्या लोकांनी नाव ठेवलं होतं 'इलियड'. होमरचं महाकाव्य, ट्रॉयचं युद्ध, चोवीस सर्ग. सप्टेंबर 2025मध्ये तो वाद अडीच अब्ज डॉलरवर मिटला. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023ला अशा तेरा फसव्या युक्त्यांची यादीच जाहीर केली आणि वर्गणीचा सापळा त्यांत नाव घेऊन घातला. सासऱ्यांना तेराही पाठ आहेत. इलियडची गोष्ट ऐकून ते एवढंच म्हणाले, "आपल्या लोकांनी केलं असतं तर महाभारत ठेवलं असतं. अठरा पर्वं."

सौदीच्या 2019च्या ई-कॉमर्स कायद्यात ग्राहकाला सात दिवसांत करार मोडता येतो, हे मी शोधून काढलं तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. पण पुढचं वाक्य होतं : सेवेचा लाभ घेतलेला नसावा. आता लाभ घेतला की नाही? तीन रात्रींचे आलेख होते, आवाज होता, व्हाउचरही होतं. सासरे म्हणाले, मी घोरतच नाही, तर लाभ घेईन कसा? कायद्याच्या दृष्टीने हा मुद्दा बिनतोड होता, पण तो मांडायला सासूबाईंनी परवानगी दिली नाही. आम्ही साधी विनंती पाठवली. दोन ओळींचं अत्यंत सभ्य उत्तर आलं : आपण परताव्यास पात्र नाही.

229 रियालमध्ये 15 टक्के व्हॅटही होता, असा सासऱ्यांनी हिशेब काढला. तीसेक रियाल. "घोरण्यावर कर भरलेला सांगलीतला मी पहिलाच," असं ते फोनवर मित्रांना सांगू लागले, आणि आपण घोरतो याची ही पहिली जाहीर कबुली होती हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

खरी गंमत इथून पुढे. पैसे गेले ते गेले, पण वसूल व्हायला नकोत? अ‍ॅप परत घातलं गेलं. रात्री साडेदहाला फोन उशाशी हजर. सासरे आता परीक्षेला बसल्यासारखे उताणे झोपत, कारण कुशीवर आवाज कमी भरतो. सकाळी दात घासायच्या आधी आलेख. "काल 64च? मसाला दूध घेतलं होतं म्हणून असेल." एके रात्री मला जाग आली तर आत सासूबाई दबक्या आवाजात म्हणत होत्या, "अहो, घोरा की जरा. पैसे भरलेत."

असंच सुखात चाललं असतं. पण एकदा सासरे अर्ध्या रात्री पाणी प्यायला उठले, परत झोप लागेना म्हणून बाहेरच्या खोलीत येऊन बसले, आणि आत फोनसोबत सासूबाई एकट्याच राहिल्या. सकाळी आलेख पाहिला तर सासरे बाहेर बसून परिपत्रक वाचत होते त्या वेळातही डोंगर होतेच. 58 डेसिबल. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि माझ्या बायकोला म्हणाले, "ऐकव."

सासूबाईंनी ऐकलं. मग फोन पालथा घातला आणि निकाल दिला, "हे अ‍ॅप खोटं आहे. तो फ्रिज आहे."

दोघं सांगलीला परत गेली आणि आपापल्या खोल्यांत झोपतात. पुढची वर्गणी बायकोने त्याच आठवड्यात रद्द केली, पण भरलेलं वर्ष पुढच्या हिवाळ्यापर्यंत चालू आहे. तेव्हा ओलायात, बथात किंवा मलझमध्ये राहणाऱ्या कुणा मराठी माणसाला आपल्या माणसाचं घोरणं सिद्ध करून हवं असेल, तर त्याने खुशाल आमच्याकडे यावं. फोन आमचा, पैसे भरलेले, कार्ड मागणार नाही. गादी मात्र ज्याची त्याने आणावी.