दोन एकरांच्या कागदी मालकास

प्रति,
श्री. व सौ. क्लायंट
(पती चित्रकार, पत्नी कादंबरीकार, दोन मुले, एक लॅब्रॅडोर)
द्वारा : डिझाइन स्टुडिओ, आर्किटेक्चर द्वितीय वर्ष
मु. पो. कर्जत, जि. रायगड

महोदय, महोदया,

कर्जतला आपली दोन एकर जमीन आहे, हे मुंबई, नवी मुंबई आणि पुण्याच्या आर्किटेक्चर कॉलेजांतल्या मुलांना वर्षानुवर्षं ठाऊक आहे. कर्जतमध्ये मात्र कुणालाच नाही. तलाठ्याला विचारलं, दूधवाल्याला विचारलं, स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्यांना विचारलं. आपल्याला कुणी पाहिलेलं नाही. आपला मुक्काम एका कागदावर. त्याला स्टुडिओत ‘ब्रीफ’ म्हणतात, आणि दर वर्षी सत्र सुरू झालं की त्यावर आपला पुनर्जन्म होतो.

कधी आपण चित्रकार असता, कधी निवृत्त नर्तकी, कधी माहितीपट काढणारे. भाताचे व्यापारी, वीज मंडळातले वायरमन किंवा नेरळच्या शाळेतले मास्तर आपण एकदाही झाला नाहीत. मुंबईचा कोलाहल आपल्याला सोसत नाही आणि निसर्गाशी संवाद साधायचा असतो. त्यासाठी लागतं तरी काय? एक चिंतनाची जागा, एक स्टुडिओ, पाहुण्यांना दोन खोल्या आणि एक पोहण्याचा तलाव. विरक्ती असावी तर अशी!

मी खोपोलीत प्रॅक्टिस करतो. आपलं घर माझ्या बॅचनेही केलं, माझ्या नंतरच्यांनीही केलं, आणि आज माझ्याकडे ट्रेनिंगला येणाऱ्या मुलांच्या पोर्टफोलिओत पहिल्या दहा पानांत आपण हटकून भेटता. म्हणून हे पत्र कॉलेजला नाही, सरांना नाही, थेट आपल्यालाच. गुन्हेगार आपण आहात.

आपल्या सालसपणाबद्दल आधी बोलू. आपण कधी फोन करत नाही. आपल्याला बजेट नाही, म्हणजे ते ‘कमी’ आहे असं नव्हे. ती गोष्टच आपल्या पत्रिकेत नाही. आपल्याला आई नाही, जिला गुडघ्यांमुळे वरच्या मजल्यावर जाता येत नाही. भाऊ नाही, ज्याचं नाव सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आहे. मेहुणा नाही, ज्याचा ओळखीचा सेंट्रिंगवाला आहे. डिझाइन तपासायच्या, म्हणजे जुरीच्या दिवशी आपण हजरच नसता, त्यामुळे आपल्या वतीने बाहेरून आलेले एक्स्टर्नल बोलतात, आणि त्यांना फक्त कन्सेप्ट हवा असतो. मॉडेलसाठी रात्र-रात्र जागून सनबोर्ड कापलेली पोरगी सांगते की भिंत पानासारखी उलगडते. एक्स्टर्नल मान हलवतात. त्या उलगडलेल्या भिंतीचा स्क्वेअर फुटाला भाव काय पडला, हे विचारणारं त्या खोलीत कुणीच नसतं.

माझ्या खुर्चीसमोर जो माणूस बसतो, तो नेमका तिथूनच सुरुवात करतो. “साहेब, रेट काय?” मग देवघर ईशान्येला. मग मोबाइलवर आलेला कुठल्यातरी बंगल्याचा फोटो, “असंच एलिव्हेशन पाहिजे.” मग सेप्टिक टँक शेजाऱ्याच्या विहिरीपासून किती लांब, यावरून भांडण. हा माणूस पाच वर्षांत मुलांना एकदाही भेटलेला नसतो. भेटलेले असता फक्त आपण.

आता जमिनीकडे वळू. रागवू नका, पण ती आपण घेतलीत कशी? महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यायची, असं १९४८च्या कूळकायद्याचं कलम ६३ सांगतं. आपण चित्रकार. शेतकरी असल्याचा दाखला आहे का? शेजारची पट्टी ठाकरांची किंवा कातकऱ्यांची असेल, तर महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे परवानगीशिवाय जात नाही. तिथून आपला वळणदार ड्राइव्हवे काढलाय, तो कुणाच्या संमतीने? आणि ड्रॉइंगच्या शीटवर जिकडे ‘व्ह्यू’ म्हणून बाण दाखवलाय, तिथून टाटांच्या वीज केंद्राची टॉवर लाइन जात असेल तर? खोपोलीचं केंद्र १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२चं. तारा आपल्या आधीपासून आहेत.

बरं, नियम कोणते लावायचे? कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत काही गावं सिडकोच्या नैना क्षेत्रात, माथेरानभोवतीचा पट्टा २००३पासून केंद्राच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात, आणि उरलेल्या भागाला २०२०ची राज्याची एकत्रित नियमावली. ओढ्याच्या या बाजूला एक पुस्तक, त्या बाजूला दुसरं. नदीकाठी असाल तर पूररेषा आहेतच. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपला तलाव मात्र उल्हास नदीत सांडल्यासारखा दिसला पाहिजे, असं आपण ब्रीफमध्ये लिहिलंत. हीच उल्हास २७ जुलै २०१९ला खाली बदलापूर-वांगणीच्या मध्ये पसरली आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात उभी राहिली. हजाराच्या वर प्रवासी बोटींनी काढावे लागले. आपल्या रेंडरमध्ये नदी नेहमी निळी आणि गुडघाभर असते.

रेंडरचं आकाशही निळंच. कारण साइट व्हिजिट डिसेंबरात होते. गारवा असतो, गवत सोनेरी असतं, मिसळ खाऊन ग्रुप फोटो निघतो, आणि सपाट स्लॅबचं, नैऋत्येला जमिनीपासून छतापर्यंत काच असलेलं घर जन्माला येतं. कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, वर माथेरानला आणखी जास्त, आणि तो नैऋत्येकडूनच येतो. ती काच त्याला आमंत्रण देते. तसं घर कुणी खरंच बांधलं, की तीनच वर्षांत मालक ओल घेऊन माझ्याकडे येतो, मी पत्र्याची शेड सुचवतो, आणि पुढच्या बॅचची मुलं रस्त्यावरून बसमधून जाताना त्या शेडला नावं ठेवतात.

या मातीत घर कसं बांधतात, हे कळायला परदेशी मासिकं लागत नाहीत. उताराची कौलं, खाली उतरलेली पागोळी, पडवीचा आडोसा, उंच जोतं, आत कारवीचा कूड आणि त्यावर शेणमातीचा लेप. यात कविता कुणी शोधली नव्हती, भिंत भिजू नये एवढंच पाहिलं होतं. आणि कविताच हवी असेल तर राजमाचीच्या पायथ्याला कोंडाण्याची लेणी बघा, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातली. दगडात लाकडाचे वासे, कमानी, सज्जे कोरलेत. तिथला क्लायंट आपल्याइतका हवेतला नव्हता. भिक्खूंना पावसाळ्यात एकाच जागी राहायचं होतं; वर्षावासाला कोरडं छप्पर हवं होतं. तिथे ब्राह्मीतला एक छोटा लेख आहे: कान्हाचा शिष्य बलक याने हे केलं. शिष्य! म्हणजे ट्रेनी. त्याच्या ब्रीफमध्ये पाऊस होता, म्हणून त्याचं काम अजून उभं आहे. जे.जे.मध्ये आर्किटेक्चर शिकवताना क्लॉड बॅटली मुलांना जुन्या वास्तूंची मोजमापं घ्यायला लावत, ते काही उगीच नाही. टेप धरली की हाताला कळतं, डोळ्याला उशिरा.

आणि आता उताराबद्दल बोलू, ज्याचं आपल्याला फार कौतुक. ‘कंटूर साइट’ म्हटलं की स्टुडिओत आनंद पसरतो. दोन-दोन मिलिमीटरच्या थरांत डोंगर कापला जातो, पांढरा, स्वच्छ, न भिजणारा. खरा डोंगर भिजतो. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात, चौकजवळ, इर्शाळगडाच्या पोटातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकरांची वस्ती. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडली नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवला. वर गाडीरस्ता नव्हता, मोठी यंत्रं पोचली नाहीत, पाऊस थांबत नव्हता. माणसांनी कुदळ-फावड्यांनी उकरलं. धोकादायक गावांच्या यादीत ही वाडी नव्हती. वाचलेल्यांना आधी कंटेनरमध्ये ठेवलं, नंतर सिडकोने त्यांच्यासाठी वसाहत उभारली.

इथे मला थट्टा सुचत नाही, तेव्हा सरळ विचारतो. या लोकांच्या घराला ओटी किती हवी? शेळ्या कुठे बांधायच्या? चूल आत की मागे? गेलेल्या घरातलं काय नव्या घरात यायला हवं, आणि ते कुणाला विचारायचं? कुठला उतार राहण्याजोगा, कुठला नाही, हे वाचायचं कसं? हे दुसऱ्या वर्षाचे प्रश्न आहेत. आपल्या घरापासून इर्शाळगड उघड्या हवेत दिसतो. आपण मात्र मुलांना लॅब्रॅडोरची झोपायची जागा सोडवायला लावता.

कुणी म्हणेल, कागदी क्लायंटमुळे कल्पनेला पंख फुटतात. पहिल्या सत्रापुरतं मान्य. पण ‘प्रोफेशनल प्रॅक्टिस’ हा विषय बहुतेक ठिकाणी शेवटाशी येतो, थिसिस गळ्याशी आलेला असताना. निविदा, फी, करार, परवानग्या ही सगळी मंडळी तेव्हा चार व्याख्यानांत भेटून जातात. पाच वर्षांतलं एखादं सत्र ऑफिसात काढावं लागतं, ते मात्र खरं शिक्षण. माझ्याकडे आलेल्या एका हुशार मुलाने पहिल्या आठवड्यात मला विचारलं, “सर, टॉयलेटचा स्लॅब खाली का घेतलाय?” चांगला प्रश्न. चौथ्या वर्षात विचारला.

तोवर दुनिया थांबत नाही. १९७२च्या आर्किटेक्ट्स ॲक्टचं कलम ३७ ‘आर्किटेक्ट’ ही पदवी नोंदणीशिवाय लावू देत नाही. मार्च २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या कायद्याने राखलेली गोष्ट ती पदवी. इमारतीचं डिझाइन आणि देखरेख करायला हा कायदा इतरांना मनाई करत नाही. म्हणजे दोन एकरवाला खरा मालक जेव्हा सापडतो, तेव्हा त्याच्या दारात माझ्याआधी ठेकेदार उभा असतो. त्याच्याकडे कन्सेप्ट नाही. पण पहिल्याच भेटीत तो स्क्वेअर फुटाचा भाव सांगतो, विटा कुठल्या भट्टीतून येतील हे सांगतो, आणि जूनच्या आधी स्लॅब टाकून देतो. मालकाने का थांबावं? त्या ठेकेदाराशी स्पर्धा करायला आपण मुलांना काय दिलंत? पानासारखी उलगडणारी भिंत.

म्हणून विनंती अशी. पुढच्या सत्रात यायचं असेल तर बजेट ठरवून या. वृद्ध आईला सोबत आणा, भावाची सही आणा, सातबारा आणा, आणि एकदा तरी इर्शाळवाडीच्या वसाहतीतलं कुटुंब होऊन या. यातलं काहीच जमत नसेल, तर हवेतल्या हवेत एखाद्या परदेशी तळ्याकाठी राहायला जा. कर्जत मोकळं करा.

आणि ब्रीफ लिहिणाऱ्या प्राध्यापक मंडळींना: साइट व्हिजिट यंदा जुलैत न्या, छत्र्या घेऊन. उताऱ्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालायची गरज नाही, महाराष्ट्रात सातबारा ऑनलाइन मिळतो.

आपला,
एक नोंदणीकृत आर्किटेक्ट, खोपोली