भिंतसुधारक

भिंतसुधारक हा ब्रिटनमधल्या जुन्या घरांत राहणारा गृहस्थ. तो स्त्री आणि पुरुष दोन्ही रूपांत आढळतो आणि बहुधा जोडीने राहतो. एकाच्या हातात टेप असते, दुसऱ्याकडे मत असते. वस्ती मुख्यतः व्हिक्टोरियन काळातल्या, एकमेकींना खेटून ओळीने बांधलेल्या घरांत आणि १९३० च्या दशकातल्या जोडघरांत. गृहकर्जाचे पहिले काही हप्ते जाईपर्यंत तो चारचौघांसारखाच असतो, संध्याकाळी सोफ्यावर बसून टीव्ही बघतो. मग एखाद्या रविवारी टीव्ही बंद असताना त्याची नजर फायरप्लेसच्या भिंतीवर पडते, आणि त्यानंतर घरी आलेल्या कोणत्याही पाहुण्याला चहा मिळण्याआधी त्या भिंतीबद्दलचे मत द्यावे लागते.

भिंत पाहिल्याशिवाय माणूस कळणार नाही. कोळशावर घर ऊबदार ठेवण्याच्या काळात जवळजवळ प्रत्येक मुख्य खोलीला स्वतःची फायरप्लेस असे. धूर वर नेणारे विटांचे धुराडे भिंतीतून फूटभर खोलीत पुढे येई आणि त्याच्या दोन्ही अंगांना आपोआप एकेक कोनाडा उरे. त्या काळी ही रचना कोणाला बेढब वाटत नव्हती. मधे विस्तव, वर मँटलपीस, त्यावर घड्याळ आणि आरसा, समोर खुर्च्या. खोलीला चेहरा होता. विस्तव गेला तेव्हा चेहऱ्यावरचे डोळे आणि तोंड गेले, नाक तेवढे राहिले. भिंतसुधारकाचे सगळे आयुष्य या नाकाचे काय करायचे यात जाते.

ही जात नवी नाही. दुसऱ्या चार्ल्सच्या राज्यात, १६६२ साली, इंग्लंडमध्ये दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर बसला, तेव्हा काही घरमालकांनी चुली बुजवून टाकल्या. तो कर १६८९ मध्ये उठला. पुढे १७९६ मध्ये काउंट रम्फर्ड या अमेरिकेत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने फायरप्लेसवर निबंध लिहिला आणि तिचा खोलगटपणा कमी करून बाजूच्या भिंती तिरक्या करायला सांगितले, म्हणजे उष्णता खोलीत येईल आणि धूर वर जाईल. त्याचे म्हणणे बरोबर होते. फायरप्लेसच्या भिंतीबद्दल मत असलेल्यांपैकी ज्याचे मत मोजमापावर उभे होते असा तो एक, आणि मोजमापाच्या बाबतीत त्याचे अनुयायी फार झाले असे म्हणता येत नाही.

खरा घाव पडला तो विसाव्या शतकात. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस कोळशाच्या धुराचे दाट धुके बसले आणि हजारो माणसे दगावली. १९५६ च्या कायद्याने धूरबंदीचे विभाग आखले गेले. पुढच्या दोन दशकांत गॅस आला, रेडिएटर आले, आणि फायरप्लेस म्हणजे घरातले वारा येण्याचे भोक एवढीच तिची ओळख उरली. याच सुमारास बीबीसीवर बॅरी बकनेल हे गृहस्थ लोकांना घरातली कामे स्वतः करायला शिकवत होते. १९६२ मध्ये त्यांनी लंडनच्या ईलिंग भागातले एक जुने घर घेऊन कार्यक्रमातून त्याचा कायापालट केला. नक्षीदार दारांवर हार्डबोर्ड ठोकून ती सपाट करायची, हा त्या काळचा आदर्श. देशभरच्या वडीलमंडळींनी तो शिरोधार्य मानला आणि दारांबरोबर फायरप्लेसही हार्डबोर्डाआड गेल्या. पुढच्या पिढीने हार्डबोर्ड उचकटला आणि बापाने भंगारात दिलेली बिडाची फायरप्लेस जुन्या सामानाच्या वखारीतून चढ्या भावाने परत आणली. प्रत्येक भिंतसुधारक आधीच्या भिंतसुधारकाला नावे ठेवतच कामाला लागतो. ‘कोणी केलं असेल हे?’ हा त्याचा पहिला उद्गार. तो जुन्या घरमालकाला उद्देशून असतो. पुढे आठवडाभरात ते काम स्वतःचे निघाले तरी स्वर बदलत नाही.

सुधारणेची पहिली पायरी म्हणजे पर्याय नाकारणे. धुराडेच पाडावे, हा विचार एका संध्याकाळपुरता टिकतो. ओळघरात ते बहुधा शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीला चिकटलेले असते. १९९६ च्या सामाईक भिंतींच्या कायद्यानुसार शेजाऱ्याला आधी लेखी नोटीस द्यावी लागते. शिवाय खालचा भाग काढून वरचा तसाच ठेवायचा तर माळ्यापर्यंतच्या विटांच्या त्या वजनाला आधार द्यावा लागतो. ज्या शेजाऱ्याशी आजवर फक्त हवामानावर बोलणे झाले त्याच्याशी पहिले गंभीर संभाषण विटांच्या वजनावर करणे भिंतसुधारकाच्या स्वभावात नसते. मग टीव्ही मँटलपीसच्या वर टांगायचा विचार येतो. टीव्ही तिथे दिसतो छान. फक्त पाहताना मान वर करावी लागते, आणि पहिल्या क्रिकेट सामन्यानंतर घरातले सगळे मान चोळत झोपायला जातात. अखेर दोन्ही कोनाड्यांत अंगच्या फळ्या आणि खाली कपाटे, या निर्णयावर जोडी येते. निर्णय चांगलाच असतो. बाजूचे खड्डे भरले की मधला उंचवटा मुद्दाम ठेवल्यासारखा दिसू लागतो. ही युक्ती शंभर वर्षे चालत आली आहे आणि भिंतसुधारकाला ती आपल्यालाच सुचली असे मनापासून वाटते.

यानंतर तो तयार कपाट पाहायला जातो. आयकियाचे बिली हे पुस्तकांचे कपाट १९७९ पासून विकले जाते. रुंदी ८० सेंटिमीटर. आयकियाचे ब्रिटनमधले पहिले दुकान १९८७ मध्ये वॉरिंग्टनला उघडले, आणि तेव्हापासून या देशातले कोनाडे ७८ किंवा ९५ सेंटिमीटर रुंद निघत आले आहेत. पहिल्यात बिली मावत नाही. दुसऱ्यात मावते, पण शेजारी पंधरा सेंटिमीटरची फट राहते आणि तिथे इस्त्रीचे टेबल जाते.

मग मोजमाप. जुन्या घरात एकही कोपरा गुण्यात नसतो. कोनाड्याची रुंदी मागे एक, पुढे दुसरी आणि छताशी तिसरी. डावा कोनाडा उजव्याहून लहान. शिवाय त्यात बहुधा गॅसचा मीटर, जो स्वतः हलवता येत नाही आणि वाचायला माणूस आला की उघडा असावा लागतो. जमीन शतकभरात एका बाजूला खचलेली. पाणसळ लावून फळी अगदी सरळ बसवली की ती वाकडी दिसते, कारण खोलीतले बाकी सगळे वाकडे असते. जाणते सुतार फळी भिंतीला टेकवून भिंतीचा वळसा पेन्सिलीने फळीवर उतरवून घेतात आणि त्या रेषेवर कापतात. भिंतसुधारक फळी सरळ कापतो आणि उरलेल्या फटीत पांढरा भराव भरतो. तीन-चार नळ्या रिकाम्या झाल्यावर फळी कुठली आणि भराव कुठला हे त्यालाही सांगता येत नाही.

फळीच्या जाडीवर जोडीत मतभेद होतो. बारीक फळी नाजूक दिसते हे खरे. पण मीटरभर पुस्तकांचे वजन सहज वीस-पंचवीस किलो भरते, आणि फळीचा बाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो: तेवढ्याच दाटीने पुस्तके ठेवली तर दुप्पट लांबीची फळी सोळापट वाकते. जाडी दुप्पट केली तर बाक आठव्या हिश्शावर येतो. म्हणून अठरा मिलिमीटरच्या एमडीएफ फळीला दोन-सव्वादोन फुटांपलीकडे मधे टेकू द्यावा, किंवा पुढच्या कडेला खाली उभी पट्टी लावावी. ती पट्टी फळीला ताठ करते आणि जाडजूड देखणेपणाही देते. ‘चेंजिंग रूम्स’ या १९९६ साली सुरू झालेल्या बीबीसीच्या कार्यक्रमाने एमडीएफ घराघरांत नेला. एका घरात कार्यक्रमातल्या मंडळींनी जुन्या किटल्यांचा मौल्यवान संग्रह लटकत्या शेल्फावर मांडला आणि ते शेल्फ रातोरात खाली आले. हा प्रसंग भिंतसुधारकाला तोंडपाठ असतो. ती गोष्ट सांगत असतानाच तो चुन्याच्या भुसभुशीत गिलाव्यात लहान स्क्रू पिळत असतो.

रचनेचे काही नियम मात्र त्याने पाळले तर भिंत खरोखर सुधारते. फळ्यांची खोली धुराड्याच्या उंचवट्यापेक्षा चार-पाच बोटे कमी ठेवावी, म्हणजे त्या मागे राहतात. खालची कपाटे दोन्हीकडे एकाच उंचीची हवीत. कोनाडे असमान असले तरी डोळा आडव्या रेषा जुळवतो आणि रुंदीकडे दुर्लक्ष करतो. भिंत, फळ्या, कपाटे सगळ्यांना एकच रंग द्यावा. गडद रंगात वेडेवाकडेपणा बुडून जातो. रंग निवडायला जोडीला सहा आठवडे लागतात. फॅरो अँड बॉल या डॉर्सेटमधल्या १९४६ च्या कंपनीच्या पत्रिकेत ‘एलिफंट्स ब्रेथ’ आणि ‘डेड सॅमन’ नावाचे रंग आहेत. त्यांचे नमुने भिंतीवर शेजारी शेजारी फासून ती माणसे सकाळी, दुपारी आणि दिव्याच्या उजेडात उभी राहतात. पाहुण्यांना ते सगळे करडे दिसतात. विस्तव किंवा लाकडाचा स्टोव्ह चालू ठेवायचा असेल तर फळ्या आणि स्टोव्ह यांत उत्पादकाने दिलेले अंतर सोडावेच लागते. इथे मताला जागा नाही.

फायरप्लेस बंद करताना हवेसाठी जाळी ठेवायची, हे मात्र तो हमखास विसरतो. बंद धुराड्यात ओल साठते. विटांत मुरलेल्या काजळीतले क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि नव्या रंगावर तपकिरी डाग उमटतो. वरून पुन्हा रंग दिला की तो काही महिन्यांनी पुन्हा येतो. त्या डागासमोर अखेर एक उंच फुलदाणी ठेवण्यात येते.

इंग्लंडमधला मराठी भिंतसुधारक हा उपप्रकार स्वतंत्र नोंदीला पात्र आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ मध्ये स्थापन झाले, म्हणजे ते आणि हॅरो-वेम्बलीकडची जोडघरे साधारण एका वयाची. मराठी जोडीला बुजवलेल्या फायरप्लेसकडे पाहताच गणपतीचे मखर दिसते. दहा दिवस ते खरोखर शोभतेही. बाकीच्या साडेअकरा महिन्यांचा प्रश्न उरतो. कायमचे देवघर तिथे करावे तर पुण्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आईंचा आक्षेप येतो: ‘अगं, चुलीच्या तोंडात देव बसवतेस?’ त्यावर सून म्हणते, ‘आई, चूल नाही ती, शेकोटी होती.’ याने प्रश्न सुटत नाही, पण देव उजव्या कोनाड्यात जातात. तिथे समई लावली की छतावरचा धुराचा भोंगा वाजतो, म्हणून आरतीपुरते त्याचे सेल काढले जातात. डाव्या कोनाड्यात दिवाळी अंक, ‘मृत्युंजय’, मुलांचे पियानोचे चषक आणि पितळी तांब्या. बाबा हे सारे पाहून सांगतात, ‘आमच्या वाड्यात भिंतीच इतक्या जाड होत्या की कोनाडे आतच कोरलेले असायचे.’ मग ते दोन फळ्यांना हात लावून पाहतात, आणि जी हलते ती बरोबर त्यांनाच सापडते.

काम पूर्ण झाल्यावर फळ्या सजवण्याचा काळ येतो. पुस्तके रंगानुसार लावली जातात. काही घरांत पाने बाहेर आणि पाठ भिंतीकडे, म्हणजे रंग जुळतो, मात्र पुस्तक सापडत नाही. एका फळीवर एकच वाडगा आणि भोवती मोकळी जागा, असा संयम जेमतेम पंधरा दिवस टिकतो. मग वायफायचा राउटर येतो, चार्जर येतात, कौन्सिलच्या कराची बिले येतात, कोणीतरी दिलेली आणि टाकता न येणारी फोटोफ्रेम येते.

भिंतसुधारक सोफ्यावर बसून वर्षभर समाधानी राहतो. पण धुराडे छताशी थांबत नाही. तेच वरच्या मजल्यावरच्या झोपण्याच्या खोलीतून जाते. तिथे त्याला लहानशी फायरप्लेस असते, तीही पूर्वी कोणीतरी हार्डबोर्डाने बुजवलेली, आणि तिच्या दोन्ही अंगांना खालच्यांहून वेगळ्या मापाचे दोन कोनाडे असतात.