तक्रार कोणाकडे करावी?

चांद्याच्या जटपुरा दरवाज्याच्या आत ज्यांची हयात गेली, त्या आम्हा मंडळींना वैशाखातले ऊन, ताडोब्याचा वाघ आणि कोळशाची धूळ यांपैकी कशाचेच काही वाटेनासे झाले असले, तरी शेजारच्या बिऱ्हाडातील सोळा वर्षांची मुलगी शाळेत जात नाही, या एका वस्तुस्थितीने साऱ्या आळीची झोप उडविली होती. वडील कचेरीत अव्वल कारकून, आई पूर्वाश्रमीची शिक्षिका. मुलीला आई घरीच शिकवी आणि दहावीची परीक्षा मुक्त विद्यालयामार्फत द्यावयाची, असा बेत होता. "बाई, पोरीले शाळेत कायले नाही घालत?" ही पृच्छा नळावर नित्य होई, आणि तिच्यामागे ज्ञानापेक्षा दाखल्याची चिंता अधिक असे, कारण आमच्या मुलुखात माणूस जन्मास आला की नाही याविषयी एक वेळ मतभेद चालेल, पण दाखल्यावाचून चालत नाही.

ती ख्रिस्ती आहे याचे मात्र कोणास नवल नव्हते. स्कॉटलंडच्या मिशनऱ्यांनी चांद्यात ठाण मांडले ते एकोणिसाव्या शतकातच. नवल होते ते हे, की ही मुलगी आपला धर्म रविवारच्या उपासनेपुरता जपून न ठेवता आठवडाभर वापरीत असे. वर्गणी मागणारी मंडळी माझ्या दारी आली असता मी आतून खूण केली, तेव्हा ओसरीवर बसलेल्या या मुलीने त्यांस अत्यंत नम्रपणे सांगितले, "काकाजी आत आहेत, पण नाहीत म्हणून सांग म्हणतात." वर्गणी दुप्पट गेली.

घरच्या विद्येचा हा गुण महाराष्ट्रास पूर्वीच ठाऊक असावयास हवा होता. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी गंगामूळच्या अरण्यात बिऱ्हाड थाटून पत्नीस संस्कृत शिकविले, तिने ते मुलीस, म्हणजे पंडिता रमाबाईंस, शिकविले, आणि त्या एका अरण्यातल्या पाठशाळेने कलकत्त्याच्या पंडितांस 1878 साली पदव्या द्यावयास लावल्या. 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर, आता तरी बाई स्वस्थ बसतील असे वाटावे, तो त्यांनी मठातील भगिनींशीच धर्मतत्त्वांवर वाद मांडला. आणि पुढे मूळ हिब्रू-ग्रीक भाषा शिकून बायबलच मराठीत नव्याने उतरविले. पुण्याच्या विद्वानांनी त्यांच्यावर रकानेच्या रकाने लिहिले, परंतु पंडिताबाईंची तक्रार नेऊन घालावी असा हेडमास्तर त्रिभुवनात कोठे नव्हता.

ही अडचण किती बिकट, ते गेल्या उन्हाळ्यात आलापल्लीकडच्या एका तेंदूपत्त्याच्या फळीवर दिसले. शेजारच्या त्या मुलीच्या मामाचे गाव तिकडे, आणि मी वनखात्याचा जुना पेन्शनर, म्हणून सोबतीस गेलो होतो. सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधून बायका रांगेने मांडीत होत्या. मुन्शी छत्री धरून मोजीत होता, आणि शेकड्यामागे चार-पाच पुडकी 'सुटीची' म्हणून निमूट बाजूला सरकवीत होता. ही वहिवाट इतकी जुनी, की तिच्याकडे पाहणे हीच बेअदबी. मुलगी पुढे झाली.

"मुन्शीजी, शंभर म्हणजे शंभरच ना?"

मुन्शीने चष्मा वर केला. "कोणत्या शाळेत आहेस गं?"

"शाळेत नाही जात."

त्याने जबानी पुढे चालविली. "मग हे कोणी शिकवलं?"

"आईनं. आणि बायबलात आहे, नीतिसूत्रांत, खोट्या तागडीबद्दल. वाचून दाखवू?" असे म्हणून तिने खरोखरच पिशवीत हात घातला.

शाळा नाही, मास्तर नाही, नाव कमी करण्याची धमकी द्यावी तर पटावर नावच नाही. पाळकाकडे जावे, तर पुरावा त्याच्याच ग्रंथातला! मुन्शीने आभाळाकडे पाहिले, पण तिकडची दादही प्रतिपक्षानेच आधी मागितलेली होती. सरकविलेली पुडकी त्याने एकेक करून रांगेत परत मांडली, आणि बायका पदर तोंडाशी धरून हसल्या.

तेव्हापासून मुलींच्या शालेय शिक्षणाचा त्याच्याइतका कळकळीचा पुरस्कर्ता अहेरीपासून सिरोंच्यापर्यंत दुसरा नाही. त्या पोरीस शाळेत घाला, फी मी भरतो, असा निरोप त्याने माझ्यामार्फत दोनदा धाडला. तेंदूचा हंगाम मे महिन्यात असतो आणि तेव्हा शाळांना सुटी असते, हे मी त्याच्या नजरेस आणून दिलेले नाही.