लेव्हल मॅच

मी हेडफोन घेतला ही बातमी नानांना कळायला नको होती. पण माझं दार बंद बघून कुरिअरवाल्याने खोका त्यांच्याकडे ठेवला, आणि संध्याकाळी आणायला गेलो तेव्हा खोक्यावरचे आकडे नानांच्या वहीत उतरलेसुद्धा होते.

"३२ ओहम. सेन्सिटिव्हिटी बरी आहे. कशावर ऐकणार?"

"फोनवर."

नानांनी चष्मा काढला. कोणीतरी गेल्याचं कळल्यावर काढतात, तसा.

असा एक माणूस तुमच्याही ओळखीचा असणारच. कुणाला सायकलचा नाद असतो, कुणाला कॅमेऱ्याचा. आमच्या नानांना हेडफोन ॲम्पचा आहे, आणि तोही स्वस्तातल्या. महागड्यांचा असता तर एक घेऊन गप्प बसले असते. स्वस्तातल्यांचा आहे, म्हणून सात आहेत.

त्या संध्याकाळी ते सातही दिवाणावर ओळीने मांडले गेले. मला वाटलं, आता गाणं ऐकायचं. पहिले दोन तास आम्ही एक 'घूंऽऽ' ऐकला. कारण लेव्हल मॅच. दोन ॲम्पपैकी एक जरासा जरी मोठ्याने वाजला तरी कानाला तोच गोड लागतो, आणि माणूस म्हणतो, काय खोली आहे, काय ठेहराव आहे! म्हणून आधी १०० हर्ट्झचा सूर लावायचा, मल्टिमीटरने दोन्हीकडचं व्होल्टेज मोजायचं आणि फरक ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे जेमतेम एक टक्क्यावर आणायचा. १००च का, असं मी विचारलं. विचारायला नको होतं. साध्या मीटरला वरचे सूर नीट वाचता येत नाहीत, हे समजावण्यात तिसरा तास सुरू झाला.

लेव्हल मॅच हा नानांच्या आयुष्याचा पाया आहे. दोन हॉटेलांतल्या मिसळीवर वाद निघाला की ते शांतपणे विचारतात, "तर्री मोजून घेतली होती? लेव्हल मॅच केलंस?" यंदा सवाईत गाणं जास्त रंगलं म्हणालो, तर "बसायची जागा तीच होती?" देवगड चांगला की रत्नागिरी हे ठरवायला त्यांनी एकाच दिवशी पिकलेले आंबे एकाच मापाच्या फोडी करून, डोळ्यांवर पंचा बांधून खाल्ले होते. पंचा काकूंनी बांधला. फोडीही त्यांनीच केल्या. त्यांच्या मते दोन्ही आंबे उत्तम होते आणि माणूस वाया गेलेला होता. सोसायटीच्या चेअरमनपदासाठी दोघे उभे राहिले तेव्हा निकाल लागल्यावर नानांनी एकच प्रश्न विचारला, "दोघांना माइक सारखा दिला होता का?" दिला नव्हता. त्या वर्षी पाण्याची टाकी गळत राहिली, हे इथे सांगायला हवं.

सातांपैकी दोन एकाच अमेरिकन कंपनीचे. कंपनीचं नाव नाना काकूंसमोर घेत नाहीत. स्पेलिंगमध्ये दोन अक्षरं जास्तीची घातली आहेत खरी, पण उच्चार जो व्हायचा तोच होतो. या कंपनीने २०१९ साली ९९ डॉलरला एक आणि ९९ डॉलरलाच दुसरा असे दोन ॲम्प बाजारात आणले. मॅग्नी हेरसी हा चिपवरचा, आकडे बघणाऱ्यांसाठी. मॅग्नी थ्री प्लस सुट्या ट्रान्झिस्टरांचा, 'आकडे सोडा, कानाला काय वाटतं ते बोला' म्हणणाऱ्यांसाठी. मला यात वादी आणि प्रतिवादी दोघांचीही फी घेणारा वकील दिसला. नानांना मात्र यात न्याय दिसतो. त्यांनी दोन्ही घेतले.

तिसरा त्यांनी स्वतः बांधलाय. त्याचं नाव ओ-टू, आणि चालतो तो नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर. सुटे भाग तापकीर गल्लीतून. त्याचा आराखडा ज्याने सगळ्यांसाठी खुला केला त्या गृहस्थाचं खरं नाव जाहीर नाही. महागड्या ॲम्पचे आकडे मोजून दाखवायचा, स्वस्तात तितकंच चांगलं बनतं म्हणायचा आणि म्हणे बनवून मोकळा झाला. नाना त्याच्याविषयी सत्पुरुषाबद्दल बोलावं तसं आवाज खाली करून बोलतात, "प्रकट झाले २०११ला. २०१२ला गुप्त झाले."

उत्तमातल्या उत्तम ॲम्पमध्ये गोंगाट आणि विकृती मिळून सुराच्या १२० डेसिबल खाली असते, म्हणजे दहा लाखाव्या हिश्शाइतकी. हे नाना मला सांगत होते तेव्हा डोक्यावर पंखा खडखडत होता, आत कुकरची तिसरी शिट्टी झाली होती आणि खाली कोणीतरी रिव्हर्स घेत होतं.

अखेर गाणं लागलं. भीमसेन जोशींचा पुरिया. मी सातही ऐकले आणि नानांना बरं वाटावं म्हणून चौथा जास्त मोकळा वाटतो म्हणालो. नानांनी वही उघडून स्वतःचा निकाल दाखवला. न बघता ॲम्प ओळखायचा, वीस वेळा. २० पैकी ११ बरोबर. "नाणं उडवलं असतंस तरी इतकेच आले असते."

"मग सात कशाला?"

"सात नसते तर फरक नाही हे कळलं कसं असतं?"

रात्री साडेदहाला निकाल लागला. ३०० ओहमचा हेडफोन असता, तर गोष्ट वेगळी. माझ्या हेडफोनला ॲम्पची गरज नाही, फोन पुरतो.

मी चिडून घरी आलो. पण नंतर वाटलं, की इतका वेळ घालवून 'काही घेऊ नकोस' असं सांगणारा दुकानदार मला आजवर भेटलेला नाही.

नाना भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं क्वालिटीला होते. त्यामुळे ॲम्प हातात आला की आधी व्हर्नियर लागतो. पत्र्याची जाडी, नॉबचा खेळ, जॅकची पकड. आवाज अगदी कमी असताना एकच कान जास्त वाजला तर नॉबमागचा 'पॉट रिजेक्ट'. कारखान्यात कानात बोळे घालायचा नियम होता. इतरांना ते ओरडून घालायला लावत, स्वतः कधी घालत नसत. डाय झिजायला लागली की प्रेसचा ठोका बदलतो, आणि तो त्यांना माप चुकायच्या आधी ऐकू येत असे.

गेल्या पावसाळ्यात टीव्हीच्या आवाजावरून भांडण होऊन काकूंनी त्यांना कान तपासायला नेलं. मी गाडी चालवायला. आवाजबंद खोली बघून नाना खूश झाले. यंत्राचं कॅलिब्रेशन कधी केलंय, ८,००० हर्ट्झला का थांबता, हे विचारून झालं. मग आलेख आला. ४,००० हर्ट्झपाशी दोन्ही रेषा विहिरीत पडाव्यात तशा खाली गेल्या होत्या. उजवी जास्त, तीस वर्षं प्रेस त्यांच्या उजव्या हाताला होती.

श्रवणयंत्र लागणार, असं कान तपासणारी मुलगी म्हणाली. हासुद्धा ॲम्पच, काका, एवढासा. नाना बराच वेळ आलेख बघत बसले. मग जुन्या सवयीने विचारलं, "दोन्ही कान लेव्हल मॅच होतील का?"

"तेच तर करायचंय, काका."

परतताना गाडीत कोणी बोललं नाही. आकुर्डीजवळ काकूंनी रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर नाना वही घेऊन बसले होते. कारखान्याचा नियम आहे: एखादं गेज सदोष निघालं, तर त्या गेजने घेतलेली आधीची सगळी मापं संशयित धरायची. नानांनी सातही ॲम्पच्या निकालांवर लाल पेनाने एकेक रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं, 'गेज रिजेक्ट'. त्या २० पैकी ११ वरही.

आता चाचण्या पुन्हा चालू आहेत. तळमजल्यावरची सातवीतली मुलगी येते. तिला ओ-टूमध्ये बारीक 'स्स्स' ऐकू येतो म्हणे. नाना तिचं म्हणणं लिहून घेतात, वर तारीख घालतात. पण एका गेजवर निकाल देता येत नाही, किमान तीन हवीत.

तेव्हा ज्यांचे कान पंचविशीच्या आतले आहेत त्यांनी कोणत्याही रविवारी दहानंतर यावं. दुसरा मजला, जिन्यात 'घूंऽऽ' ऐकू येईल तेच दार. तीन तास काढून या. चहा दोन कप मिळेल, आणि दोन्ही कप सारखे भरलेले असतील.