लॅब अजून स्टेबल नाही

डोंबिवलीच्या प्रत्येक सोसायटीत असा एक तरी असतोच. वय पस्तीस ते बेचाळीस, नोकरी डेस्कटॉप सपोर्टची, ऑफिस ऐरोलीला नाहीतर पवईला. दिवसभर लोकांचे पासवर्ड बदलून द्यायचे आणि साहेबांच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढायचा. मग एका ॲप्रेझलच्या सुमारास कळतं, शेजारच्या खुर्चीवरचा पोरगेला मुलगा सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा देऊन सीसीएनए झाला आणि नेटवर्क टीममध्ये गेला. त्या संध्याकाळी लोकलच्या दारात उभ्या उभ्या हा ठरवतो, आपणही सर्टिफिकेशन करायचं. इथवर सगळं ठीक असतं. बिनसतं ते क्लासची फी ऐकल्यावर. "एवढ्या पैशांत तर घरी लॅब उभी राहील!" तो म्हणतो, आणि त्या घराची झोप उडते.

सीसीएनएची परीक्षा ३०० डॉलरची. तेवढे पैसे तो वेगळ्या पाकिटात काढून ठेवतो. पुढे रॅम येते ती याच पाकिटातून.

खरं तर या परीक्षेसाठी सिस्कोचाच पॅकेट ट्रेसर नावाचा प्रोग्राम फुकट मिळतो. जुन्या लॅपटॉपवरही चालतो. त्यात राउटर ठेवा, स्विच ठेवा, तारा जोडा, कमांड मारा. बहुतेक अभ्यासक्रम त्यात उरकतो. हे त्याला माहीत नाही असं समजू नका. नवख्या मुलांना तो हेच सांगतो. स्वतःपुरतं मात्र त्याचं मत वेगळं: "त्यात खऱ्या डब्याचा फील येत नाही हो."

फील ग्रँट रोडला मिळतो. डोंबिवलीहून दादरला उतरायचं, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची स्लो पकडायची आणि लॅमिंग्टन रोड गाठायचा. पाटीवर त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने पत्ता विचारणारा माणूस तिथे रॅम घ्यायला आलेला नसतो. एखाद्या कंपनीने जुना माल काढला की त्याचा 'लॉट' इथे येतो. आपला माणूस गल्लीतल्या पोटमाळ्यावर चढतो, सिस्कोचा २९५० स्विच उचलून कानाजवळ हलवून पाहतो आणि शेठला विचारतो, "वॉरंटी?" शेठ वर न बघता सांगतो, "टेस्टिंगची." म्हणजे दुकानात दिवा लागला की वॉरंटी संपली. परतीच्या प्रवासात तो स्विच मांडीवर घेऊन बसतो. समोरचा विचारतो, "सेट टॉप बॉक्स का?" याचं उत्तर कळव्यापर्यंत चालतं.

घरी आल्यावर लक्षात येतं, स्विचशी बोलायला निळी कन्सोल केबल लागते. ती आणली की कळतं, तिचं दुसरं टोक ज्या सीरियल पोर्टमध्ये जायचं तो लॅपटॉपवर नाही. मग यूएसबीचा कन्व्हर्टर. तो स्वस्तातला, म्हणून त्यातली चिप नकली, म्हणून विंडोजचा ड्रायव्हर तिला ओळख देत नाही. तीन रात्री यात जातात. चौथ्या रात्री पडद्यावर एकदाची अक्षरं उमटतात, पण ती अगम्य असतात, कारण वेग ९६०० ठेवायचा राहिलेला असतो. तो दुरुस्त झाल्यावर स्विच सभ्यपणे पासवर्ड विचारतो. तो आधीच्या कंपनीला माहीत.

हे झालं नेटवर्कचं. सर्व्हरच्या अभ्यासाला मुख्य यंत्र हवं. ऑफिसांतून निघालेला एखादा जुना डेल किंवा लेनोव्होचा डेस्कटॉप, १६ जीबी रॅम, एक एसएसडी, बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू केलेलं; एवढ्यात चार-पाच व्हर्च्युअल मशीन सुखाने नांदतात. पण त्याला झिऑन सापडतो. ई५-२६७०, २०१२ सालचा, आठ कोअर, कधीकाळी डेटा सेंटरात तोऱ्यात बसलेला, आता मातीमोल. "अगं, आठ कोअर! या भावात!" वहिनी चहा ओततात. त्यांना कोअर नको असतात, किती पैसे गेले ते हवं असतं.

मातीमोल झिऑनला त्याच्या मापाचा मदरबोर्ड लागतो, तो मातीमोल नसतो. झिऑनमध्ये ग्राफिक्स नाही, म्हणून ग्राफिक्स कार्ड. ११५ वॅटचा मालक, म्हणून मोठा पॉवर सप्लाय आणि भरभक्कम कूलर. सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम स्वस्त मिळते म्हणून चार काड्या जास्तीच्या घेतो. त्या उरतात, आणि मुलाच्या कॉम्प्युटरला लावायला जातो तर साध्या बोर्डात त्या चालतच नाहीत. व्हर्च्युअल मशीन चालवणारी व्हीएमवेअरची ईएसएक्सआय चढवायला बसावं तर त्याला बोर्डावरचं रिअलटेकचं नेटवर्क कार्ड मान्य नाही. इंटेलचं आणा. परत दादर, परत पूल.

हिशेबाची एक्सेल शीट तो इमानेइतबारे ठेवतो. फक्त केबल, कन्व्हर्टर, पंखे आणि रेल्वेचं तिकीट हे 'किरकोळ' म्हणून त्यात धरत नाही. त्यामुळे त्याची लॅब आजही क्लासच्या फीपेक्षा स्वस्त आहे.

यंत्रांना गडांची नावं. डोमेन कंट्रोलर रायगड, बॅकअप राजगड, फायरवॉल सिंहगड. त्याच्या आईचा, म्हणजे काकूंचा, टीव्ही सुरक्षेच्या कारणास्तव स्वतंत्र व्हीलॅनमध्ये. एका रात्री ऐन मालिकेत टीव्ही अडला आणि आतून आरोळी आली, "सिंहगड पडला!" काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, देवाला हात जोडले आणि रेडिओ लावला. त्या मालिकेत पुढे काय झालं ते त्यांना शेजारून कळलं.

एकदा त्याने रॅकमधला खराखुरा पातळ सर्व्हर आणला. त्याचे टीचभर पंखे सुरू झाले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजोबांना वाटलं, वर पिठाची गिरणी टाकली. तो सर्व्हर आता दिवाणाखाली असतो आणि वर्षातून एकदा, दसऱ्याला, बाहेर येतो. हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि पूजा झाल्यावर 'बघू तरी' म्हणून बटण. मागच्या खेपेला पंख्याने पाकळ्या आत ओढल्या. दिवाळीपर्यंत साफसफाई चालली होती.

विजेचं गणित त्याच्याशी काढू नये. दीडशे वॅट ओढणारं यंत्र दिवसरात्र चाललं तर महिन्याला १०८ युनिट होतात, आणि महावितरणचा घरगुती दर तर टप्प्याटप्प्याने चढत जातो. वहिनींनी बिल पुढे केलं की तो फ्रिजकडे बघतो.

आणि परीक्षा? "अहो, तारीख कधी घेताय?" "अगं, लॅब आधी स्टेबल होऊ दे." लॅब स्टेबल होईपर्यंत जग थांबत नाही ही त्याची खरी तक्रार. सीसीएनएचा जुना अभ्यासक्रम अर्धा झाला तोच २४ फेब्रुवारी २०२० ला नवी परीक्षा आली. एमसीएसई करू म्हणाला, तर मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२१ अखेर तीच निवृत्त केली. विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची चाचणी प्रत तर त्याच्याकडे पहिला धडा उघडण्याआधी संपते. लिनक्समधल्या सेंटओएस ८ वर हात बसला, तिचा आधार २०२१ च्या डिसेंबरात गेला. व्हीएमवेअर ब्रॉडकॉमने घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये फुकटची ईएसएक्सआय बंद झाली. याने आठवडाभर रात्री जागून सगळे गड प्रॉक्समॉक्स या तशाच फुकटच्या प्रणालीवर हलवले. वर्षभराने फुकटची ईएसएक्सआय परत आली. त्या दिवशी तो जेवला नाही म्हणतात.

पण एक कबूल केलं पाहिजे. सोसायटीचे कॅमेरे बंद पडले तेव्हा एजन्सीच्या माणसाने नवा रेकॉर्डर घ्या म्हणून सांगितलं होतं. हा बर्म्युडावर खाली आला, केबिनमध्ये लॅपटॉप उघडून बसला. दोन उपकरणांना एकच आयपी पत्ता मिळाला होता. एकाचा बदलला, कॅमेरे दिसू लागले. सेक्रेटरींनी पैसे विचारले तर म्हणाला, "काका, जुना स्विच टाकून देणार असाल तर मला द्या." सर्टिफिकेट भिंतीला लावलेले दोघे आमच्या इमारतीत आहेत, त्यांना हे सुचलं नव्हतं. माझ्या मते हा माणूस उद्या परीक्षेला बसला तर पास होईल. पण तिथे संगणकासमोर बसून प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात, आणि पंखा कसला बसवलाय हे कुणी विचारत नाही. तिथे जाऊन त्याला काय मिळणार?

त्याचा भाचा गेल्या वर्षी सीसीएनए झाला. पॅकेट ट्रेसरवर, मामानेच टाकून दिलेल्या लॅपटॉपवर, आधी परीक्षेची तारीख घेऊन. पेढे वाटताना मामा सगळ्यांना सांगत होता, "आमच्या लॅबचा पोरगा!" पेढा खाऊन झाल्यावर भाचा हळूच म्हणाला की मामाच्या लॅबवर लॉग-इनच होत नव्हतं.

तेव्हा हे गृहस्थ कधी दादरच्या पुलावर खोका घेऊन भेटले, तर कृपा करून परीक्षेचं विचारू नका. रॅमचा भाव विचारा. आणि तुमची गाडी सुटणार असेल तर तोही विचारू नका.