गोड बातमी आणि डिंकाचा लाडू : नवशिक्यांसाठी

साहित्य : स्टीलचा डबा एक, डिंकाचे लाडू दहा-बारा, मोठी ओढणी एक, आणि आरशासमोर घोटून पक्कं केलेलं हसू. लाडू दादरला तयार मिळतात, पण ते बरेचदा मऊ निघतात. आपल्याला चांगले दगडासारखे हवेत. का, ते पुढे कळेल.

गिरगावातल्या चाळीत वाढलेल्यांनी पूर्वतयारीचा भाग गाळला तरी चालेल. सामाईक गॅलरीत सकाळी दोनदा ओकारीचा आवाज आला की शेवटच्या खोलीपर्यंत आपली तारीख काढून झालेली असते. मी तिथलीच. लग्न होऊन लालबागला आले आणि नोकरी लोअर परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. तरी पहिल्या खेपेला गडबडलेच. चाळीतल्या बायका वाट्टेल ते बोलत, पण बोलता बोलता आपला पाण्याचा हंडा उचलून आत ठेवत. ऑफिसातले नुसतंच बोलतात.

बातमी फुटते ती अशी. तीन महिने कुणाला सांगू नकोस म्हणून आई बजावते, आणि दुसऱ्याच महिन्यात तुम्ही चहाला नको म्हणता. आधी चहावाल्याला कळतं, मग रिसेप्शनला, मग मजल्याला, आणि सगळ्यांत शेवटी एचआरला. सरांना सांगायला केबिनमध्ये जाल तेव्हा सर तोंडाने अभिनंदन म्हणतील आणि डोळे कॅलेंडरवर जातील. वाईट वाटून घेऊ नका. तुम्हीही महिने मोजले होतेच.

आता पेढा की बर्फी. प्रत्येक ऑफिसात अकाउंट्सला एक काका असतात. पोट पुढे आलंय म्हणजे मुलगा, चेहरा उजळलाय म्हणजे मुलगी, असं ते व्हाउचरवर सही करता करता सांगतात. गर्भलिंग तपासणीवर देशात सर्वांत आधी कायदा केला तो आपल्या राज्याने, 1988 मध्ये. देशाचा कायदा आला 1994 ला. पण काकांना मशीनच लागत नाही, त्यामुळे ते मोकळे. त्यांना शांतपणे विचारायचं, ‘काका, मटक्याचा आकडा लावताय का? ओपन की क्लोज?’ काका गिरणगावातले असतील तर हसतील आणि गप्प बसतील. नसतील तर अर्थ विचारायला दुसऱ्या टेबलावर जातील. आपलं काम झालं.

‘किती वाढलीयेस गं!’ आणि ‘अगं, पोट दिसतच नाही, सगळं ठीक आहे ना?’ ही दोन वाक्यं एकाच दिवशी, एकाच लिफ्टमध्ये ऐकायची तयारी ठेवा. बोलणाऱ्या दोघींना एकमेकींकडे पाठवून द्या.

खरी परीक्षा पुढच्या वाक्याची. ‘मज्जा आहे बुवा, सहा महिने सुट्टी!’ इथे नवशिक्या हसून ‘हो ना’ म्हणतात. तेवढं मात्र करू नका. ही सुट्टी आली कुठून, ते आधी ऐका.

सातव्या महिन्यापर्यंत मी भारतमाता सिनेमापासून करी रोडचा पूल ओलांडून चालत ऑफिसला जायचे. पूल उतरला की ना. म. जोशी मार्ग. वर्षानुवर्षं ती पाटी मी फक्त टॅक्सीवाल्याला पत्ता सांगण्यापुरती वापरली. या ना. म. जोशींनी 1924 मध्ये केंद्रीय विधिमंडळात कामकरी बायकांच्या बाळंतपणासाठी विधेयक मांडलं होतं, आणि ते नामंजूर झालं. 1928 ला मुंबईच्या विधिमंडळात तसंच विधेयक आलं, तेव्हा त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत डॉ. आंबेडकर होते. राहायला तेव्हा ते परळच्याच बीआयटी चाळीत. 1929 ला कायदा झाला. तो गिरण्या-कारखान्यांतल्या बायकांसाठी होता, ज्या कामावर जाताना तान्ह्याला अफूची बाळगोळी चाटवून निजवत. 1961 चा देशाचा कायदा 12 आठवड्यांचा, 2017 पासून 26. ही सुट्टी कुणी सणासारखी वाटलेली नाही. आमच्या कॅन्टीनचं कॉफी मशीन जिथे आहे, तिथे कधीतरी रिळं भरणारी बाई उभी असेल.

पण हे सगळं लिफ्टमध्ये सांगता येत नाही, मजला येतो. म्हणून लाडू. ‘मज्जा आहे’ ऐकलं की डबा पुढे करायचा, ‘घ्या ना, घरचा आहे.’ घट्ट पाकातला डिंकाचा लाडू फोडायला एक मिनिट, चावायला दोन, दाढेतला डिंक जिभेने काढायला आणखी एक. चार मिनिटांत तीन वाक्यं निवांत सांगून होतात. समोरचा फक्त मान हलवू शकतो. मी हे सासूबाईंकडून शिकले. त्या शेजारणींना चकली देतात.

परत रुजू होताना प्रश्न बदलतात. नॉर्मल की सिझर, दूध पुरतं का, पोट बांधलं नाहीस का, आणि सगळ्यांचा राजा : ‘एवढ्याशा बाळाला टाकून येववतं कसं गं?’ याला उत्तर नाही. मला येववत नव्हतं. पहिल्या सोमवारी दुपारी दोनला ब्लाउज ओला झाला आणि मी मिटिंगभर छातीशी फाइल धरून बसले. 50 किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता यावं, असं कायदा म्हणतो. आमच्याकडे माणसं 49. कितीही भरती झाली तरी 49.

मिटिंग संपल्यावर शिपाई मामांनी स्टेशनरीच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. आत जाऊन बघते तर दाराच्या काचेला जुने पेपर चिकटवलेले, खोक्यांच्या मधे एक खुर्ची, शेजारी प्लगपॉइंट. ‘आई गिरणीत वायंडिंगला होती,’ एवढंच म्हणाले आणि चहाचे कप उचलायला गेले. या प्रकारच्या सहकाऱ्यासाठी माझ्याकडे काही युक्ती नाही. लाडू त्यांना दोन दिले, मऊ बघून.

शेवटी एक सराव. गेल्या महिन्यात शेजारच्या टेबलावरच्या मुलाला मुलगी झाली. पाचव्या दिवशी तो कामावर हजर. पेढे वाटले, टाळ्या झाल्या. पोट बांधलंस का, कुणी विचारलं नाही. मी खुर्ची ओढून जवळ गेले आणि म्हटलं, ‘एवढ्याशा बाळाला टाकून येववतं कसं रे?’

तो गोंधळला. ‘म्हणजे? बायको आहे ना घरी. तिला काय, सहा महिने सुट्टी.’

मी डबा उघडला. एकच उरला होता, तळातला, सगळ्यांत कडक.